टेकडीवरच्या जहाजाचं काय करायचं

पोर्थगॅरो, ४ मार्च १९९१

प्रिय आत्या,

मी शनिवारी पोचले. किल्ली तू सांगितलेल्या कुंडीखाली नव्हती, शेजारच्या कुंडीखाली होती. वरच्या खोलीतली शेगडी चालते. तिकडे तुझ्या मैत्रिणीचं, मॉरॅगबाईंचं, खुब्याचं हाड कसं जुळतंय ते कळव.

तुझ्या चहाच्या दुकानाच्या दारावर ‘दुकान दहा आठवडे बंद’ अशी तू लावलेली पाटी आहे. तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीनं ‘दया करा’ असं लिहिलंय. अक्षर लष्करी वाटतं.

मी इथे एका जहाजाच्या पाहणीसाठी आले आहे. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. त्या निमित्तानं टेकडीवरच्या टेम्परन्समध्ये मात्र जावं लागलं. तू आयुष्यभर त्या लोकांना चहा पाजलास, पण तिथे नक्की काय चालतं ते मला कधी सांगितलं नाहीस. ती विटांची तीन मजली इमारत आहे. पूर्वी तिथे पिठाचं कोठार होतं. समुद्र तिथून आठशे मीटर लांब आणि चाळीस मीटर खाली आहे. तरी ती नौदलाची असल्यामुळे नौदलाच्या रिवाजाप्रमाणे ते ‘जहाज’ आहे. जमीन म्हणजे डेक, भिंत म्हणजे बाजू, आणि दाराबाहेर पडणं म्हणजे किनाऱ्यावर जाणं. तळमजला लष्कराला दिलाय, वरचा मजला हवाई दलाच्या हवामान कचेरीला, मधला नौदलाकडे. खर्चकपातीमुळे तिघांत मिळून आता एकच किटली आहे. नौदलाला चहा काळाकुट्ट लागतो, हवाई दलाला फिका, आणि लष्कर किटलीतच साखर घालतं. गेल्या आठवड्यात किटली नाहीशी झाली होती. ती तोफांच्या तेलाच्या डब्यांमागे सापडली.

दुपारी काम संपवून मी निघाले. फाटक उघडं होतं, पण त्याच्या आत सात माणसं ओळीनं उभी होती. पहारेकरी म्हणाला, “बोट सव्वाबाराला आहे, मिस.”

“कुठली बोट?”

“किनाऱ्यावर नेणारी.”

“समोर रस्ता आहे.”

“सव्वाबाराची घंटा वाजली की बोट लागते. तोवर कोणाला उतरता येत नाही, मिस.”

मी रस्त्यावर पाऊल टाकलं. त्यानं शिट्टी फुंकली, ‘माणूस पाण्यात पडला’ असं ओरडला आणि माझ्या दिशेनं लाल-पांढरं रबरी कडं भिरकावलं. ते कसायाच्या गाडीवर आदळलं. ओळीत हवाई दलाचा एक तरुण अधिकारी उभा होता. प्रोबर्ट नाव, हवामान बघतो. तो म्हणाला, “पोहत जायचं असेल तर डावीकडून जा. उजवीकडे प्रवाह आहे.”

मी डावीकडून गेले. त्याचं कारण वेगळं होतं. तिकडे पदपथ आहे.

तुझी,
लोवेना

*

ओबन, ९ मार्च

लाडके लोवेना,

मॉरॅगचं हाड जुळतंय, पण तोंड काही जुळत नाही. दिवसभर मला सूचना देत असते. मी तिला म्हटलं, “बाई, खुबा मोडलाय तुझा, जीभ नाही मोडली हेच माझं दुर्दैव.” तर म्हणते, “जेमायमा, सूपात मीठ कमी आहे.”

किटलीचं वाचून मी कपाळावर हात मारला. मी गेले आणि तीन आठवड्यांत यांचं हे झालं! दुकानात बघ, खिडकीपाशी एकच चांगलं टेबल आहे. तिथून बंदर दिसतं. ते सोमवारी नौदलाचं, मंगळवारी लष्कराचं, बुधवारी हवाई दलाचं, असं मी बांधून दिलंय. रविवारी पाद्रीबाबांचं. ज्याचा दिवस नाही त्यानं भिंतीकडे तोंड करून केशराचे बन खायचे. वीस वर्षांत एकदाही आवाज चढला नाही. लंडनच्या साहेबांना तेवढं जरी जमलं असतं ना!

आता मला एक सांग. तू शिकलीस जहाजं बांधायला. नोकरी करतेस जहाजं मोजायची. बंदरात आत्ता मच्छीमारांच्या होड्यांखेरीज काही नाही, हे मॉरॅगच्या तिथल्या भाच्यानं फोनवर सांगितलं. मग तू टेकडीवर काय मोजतेस?

मी आपली समजते की माझ्या घराला ऊब मिळावी म्हणून तू आलीस. पण तुझ्या पत्रात ‘लिहिण्यासारखं काही नाही’ असं आलं की लिहिण्यासारखं पुष्कळ असतं. लहानपणी निळी बरणी फोडलीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस.

आणि हा प्रोबर्ट कोण? हवामानवाल्याला तू पत्रात पाच ओळी दिल्यास. मॉरॅगच्या हाडाला एक.

तुझी,
जेमायमा आत्या

*

पोर्थगॅरो, १४ मार्च

प्रिय आत्या,

बरणी मांजरानं फोडली होती.

बाकी तुझा तर्क बरोबर आहे. तुला काळजी नको म्हणून मी लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

रशियाशी भांडण संपलं म्हणून लंडननं संरक्षणावरचा खर्च कमी करायचं ठरवलं आहे. तिन्ही दलांची आपसातली भांडणं संपलेली नाहीत, हे लंडनला कोणी कळवलेलं दिसत नाही. प्रत्येक दलानं काहीतरी सोडायचं आहे. नौदलाच्या वाट्याला एक जहाज आलं. वरच्या दर्यासारंगांना खरं जहाज सोडवेना. त्यांनी यादी चाळली आणि टेम्परन्सचं नाव दिलं. यादी करणाऱ्या कारकुनाला ते जहाजच वाटलं, कारण यादीत ते जहाजच आहे. माझ्या साहेबांनी मला ‘टेम्परन्सचा तळ तपासून, ती ओढून भंगारात नेण्यायोग्य आहे का ते सांगावे’ असा हुकूम दिला. मी इथे येऊन तळ तपासला. तळाशी ग्रॅनाइट आहे आणि लष्कराचे बूट आहेत.

मला लिहून द्यायचं आहे की हे जहाज आहे की इमारत. जहाज लिहिलं तर ते मोडीत निघेल. इमारत लिहिलं तर ते इमारतींच्या यादीत जाईल, आणि गळक्या छताच्या सगळ्या इमारती विकायच्या ठरल्या आहेत. एका हॉटेलवाल्यानं आधीच येऊन पडद्यांची मापं घेतली. त्याच्या हॉटेलात चहाचा दिवाणखाना असणार आहे. म्हणजे काहीही लिहिलं तरी तुझं दुकान बसतं. तुझं सगळं गिऱ्हाईक त्या टेकडीवरून खाली येतं, हे मला माहीत आहे.

मी तुझी भाची आहे हे मी साहेबांना लेखी कळवलं. त्यांचं उत्तर आलं की प्रवासखर्चात कपात झाल्यामुळे दुसरा माणूस पाठवता येत नाही.

या आठवड्यात तिन्ही अधिकारी येऊन गेले. पहिले नौदलाचे कमांडर ऑलिफंट. ते दारातूनच म्हणाले, “मिस ट्रेगीअर, टेम्परन्स हे जहाज आहे. मी त्याचा कप्तान आहे. बुडायचं असेल तर आम्ही जहाज म्हणून बुडू.” त्यांचे डोळे ओले होते. मी त्यांना खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर थ्रेलफॉल. “इमारत म्हणून लिहा. म्हणजे त्या दर्यावर्द्यांना खरं जहाज सोडावं लागेल! नुसतं तोंड बघायचंय मला त्यांचं.”

“मग इमारत विकली जाईल. तुमची कचेरी तिच्यातच आहे.”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “हा मुद्दा माझ्यासमोर आला नव्हता.”

लष्कराचे मेजर बॅगशॉ बूट काढून आत आले. त्यांना जहाज चालेल, इमारत चालेल, तंबूसुद्धा चालेल. “फक्त वरून पाणी येतं ते थांबवा. छत गळतं हवाई दलाचं, झिरपतं नौदलातून, आणि भिजतात माझे बूट. नौदल म्हणतं, गळती खालून येते, वरून येतो तो पाऊस. पाऊस त्यांच्या अखत्यारीत नाही.” जाताना त्यांनी विचारलं, तू बन कुठे ठेवतेस. पाटीवर ‘दया करा’ त्यांनीच लिहिलं होतं.

आत्या, मी खोटं लिहिणार नाही. हे तुला आधीच सांगते.

तुझी,
लोवेना

ता. क. प्रोबर्टबद्दल लिहिलं, कारण छताच्या गळतीसाठी पावसाचे आकडे लागतात. ते त्याच्याकडे असतात.

*

ओबन, १९ मार्च

लोवेना,

माझं दुकान बसायची वेळ आली आणि मला ते दहा दिवसांनी, बोलता बोलता कळतं! मी रागावले आहे. मॉरॅगला सांगितलं तर ती म्हणाली, “तुझीच भाची. तूही नवऱ्याला छताला भोक पडल्याचं पाऊस आल्यावर सांगितलंस.” तिच्या सूपात मी आज मीठच घातलं नाही.

आता राग संपला. नीट ऐक. खोटं लिहू नकोस. खोटं लिहायचं असतं तर तुला एवढं कशाला शिकवलं असतं? पण युक्त्या असतात. मला सुचलेल्या सांगते.

एक, टेम्परन्समध्ये गोवर आलाय असं कळवावं. गोवर आलेल्या जहाजाला कोणी हात लावत नाही. मेजरला दोन ठिपके काढ, तो तयार होईल.

दुसरी, पाद्रीबाबांना सांगून तिथे एखादं लग्न लावावं. चर्च म्हटलं की सरकार घाबरतं. लग्न कोणाचं ते मी म्हणत नाही. आकडे ज्याच्याकडे असतात त्याचंही चालेल.

मॉरॅगची तिसरी युक्ती आहे, पण ती लिहिण्यासारखी नाही.

आणि कमांडरला रडू देऊ नकोस. त्याला काळा चहा दे, दोन चमचे पावडर जास्त. तो माणूस वाईट नाही. लहानपणी त्याला बोट लागायची, हे त्याच्या आईनं मला सांगितलंय. म्हणूनच त्याला हे जहाज एवढं आवडतं.

जेमायमा आत्या

*

पोर्थगॅरो, २५ मार्च

प्रिय आत्या,

गोवर नाही. लग्न नाही. चहा दिला, उपयोग झाला.

आता परिस्थिती बदलली आहे. माझा अहवाल पोचायच्या आधीच लंडनच्या दुसऱ्या एका खात्यानं टेम्परन्स ओढून न्यायचं कंत्राट देऊन टाकलं. या खात्याचं त्या खात्याशी बोलणं नाही. काल ग्रिम्सबीहून टग आली. मोठी जहाजं ओढणारी ती जाडजूड बोट. तिचा कप्तान हेसलवुड नावाचा साठीचा माणूस आहे. तो कागद घेऊन धापा टाकत टेकडी चढला. मी तिथेच मोजमाप करत होते.

“टेम्परन्स कुठंय?” त्यानं विचारलं.

“आपण तिच्यासमोरच उभे आहात,” कमांडर म्हणाले.

कप्तानानं वर पाहिलं, खाली पाहिलं, खिडकीतल्या फुलांच्या कुंड्या पाहिल्या. “साहेब, तीस वर्षं जहाजं ओढतोय. पायऱ्या असलेलं पहिल्यांदाच बघतोय.”

“ते जहाज आहे.”

“मग पाणी कुठंय?”

कमांडरांनी क्षणभरही विचार केला नाही. “ओहोटी आहे,” ते म्हणाले.

वरच्या खिडकीतून थ्रेलफॉल एवढे हसले की त्यांची टोपी खाली पडली. ती टोपी लष्करानं अजून परत दिलेली नाही.

मी कप्तानाचं कंत्राट वाचलं. त्यात एक गोष्ट कामाची आहे. टगनं दोर लावून ओढायचा प्रयत्न केला आणि जहाज हललं नाही, तर ‘हलवता येत नाही’ असा शेरा मारून फाइल बंद. प्रयत्नच झाला नाही, तर फाइल उघडी, आणि पुढच्या महिन्यात इमारत पाडणारी माणसं येतील. म्हणजे टेम्परन्स वाचवायची तर ती ओढून बघितली पाहिजे.

अडचण दोराची आहे. कप्तानाचा दोर दीडशे मीटरचा. अंतर आठशे. नौदल, लष्कर आणि हवाई दल, तिघांकडेही जाड दोर आहेत, आणि सगळे जोडले तर पुरतात. मी तिघांना विचारलं. कमांडर म्हणाले, नौदलाचा दोर लष्कराच्या दोराला बांधला जाणार नाही. मेजर म्हणाले, त्यांचा दोर पुलांसाठी आहे, तमाशासाठी नाही. थ्रेलफॉलांनी टोपी मागितली.

कप्तान शनिवार, ६ एप्रिलच्या भरतीपर्यंत थांबेल. त्यानंतर तो रिकामा परत जाणार. मला उपाय दिसत नाही. हे तुला वेळेवर सांगते आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी,
लोवेना

*

ओबन, २९ मार्च

लाडके लोवेना,

नोंद घेतली.

काळजी करू नकोस. जेवत जा. खालच्या फडताळात, मैद्याच्या डब्यामागे, केशर आहे. बन करायला घे. पीठ रात्रभर फुगू दे.

पत्र छोटं आहे, कारण माझी पोस्टाची तिकिटं संपत आली आहेत.

जेमायमा आत्या

*

पोर्थगॅरो, ८ एप्रिल

प्रिय आत्या,

सगळं क्रमानं लिहिते.

गेल्या मंगळवारी सकाळी दार वाजलं. कमांडर ऑलिफंट होते. चेहरा तांबडा. “नौदलाच्या दोरावर फक्त कपडे वाळत घालता येतात, असं कोण म्हणतं?”

मी म्हटलं, मी म्हणत नाही.

“लष्कर म्हणतं. मला खात्रीलायक कळलंय. शनिवारी माझा दोर येईल. त्यांचा तुटेल, माझा तुटणार नाही. लिहून घ्या.”

ते गेले आणि मेजर आले. त्यांच्या दोरावर फक्त कपडे वाळत घालता येतात असं हवाई दल म्हणत असल्याचं त्यांना खात्रीलायक कळलं होतं. दुपारी थ्रेलफॉल आले, बिनटोपीचे. त्यांच्या दोराबद्दल तेच नौदल म्हणत होतं. तिघांच्याही खिशातून ओबनच्या शिक्क्याचं पाकीट डोकावत होतं.

शनिवारी सकाळी तिन्ही दोर टेकडीवर आले. आधी जहाजाचं पुढचं टोक कुठलं यावर वाद झाला. कमांडरांच्या मते उत्तरेकडची भिंत, कारण तिथे त्यांची कचेरी आहे. मी दक्षिणेकडचे ग्रॅनाइटचे दोन खांब निवडले, कारण समुद्र तिकडे आहे. मग गाठींवरून वाद झाला. प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि दुसऱ्याची गाठ म्हणजे पोरखेळ. मी तिन्ही गाठी सोडायला लावल्या आणि तिथे लोखंडी कड्या बसवल्या. तिघेही सारखेच नाराज झाले. हे तिन्ही दलांचं पहिलं एकमत असावं.

दोर फाटकातून निघून, मोठ्या रस्त्यानं, पोस्ट आणि कसायाच्या दुकानावरून, तुझ्या दारासमोरून धक्क्यापर्यंत गेला. ताणलेला दोर तुटला तर माणूस कापतो, म्हणून मी सगळ्यांना दुकानांच्या आत पाठवलं. तुझं दुकान उघडावं लागलं. आत लोक आल्यावर त्यांना चहा लागतोच. बन केलेले होते. खिडकीच्या टेबलावर कोणाचा दिवस हा प्रश्न निघाला. शनिवार कोणालाच दिलेला नाहीस. मी ते टेबल मॉरॅगबाईंच्या नावानं राखून ठेवलं आणि तिथे कोणालाही बसू दिलं नाही.

कमांडर मात्र दुकानात आले नाहीत. जहाज सोडून कप्तान जात नसतो. ते मधल्या डेकवर, म्हणजे मधल्या मजल्यावर, खिडकीत पूर्ण गणवेशात उभे राहिले. मी त्यांना सांगितलं होतं की इमारत हलणार नाही. ते म्हणाले, “तुमच्या गणितावर माझा विश्वास आहे, मिस ट्रेगीअर. पण कोणीतरी तिच्याबरोबर असलं पाहिजे.”

टगनं भोंगा दिला आणि ओढायला सुरुवात केली. दोर जमिनीवरून उठला, तारेसारखा ताठ झाला आणि गुणगुणायला लागला. दुकानातल्या कपबशा थरथरल्या. मेजर डोळे मिटून म्हणत होते, “तुटू दे नौदलाचा, तुटू दे नौदलाचा.” थ्रेलफॉल म्हणत होते, “अहो बॅगशॉ, तुमचाच आधी उसवतोय.” टेकडीवर छताची पन्हळ खाली पडली. वरच्या मजल्यावरची गळतीखालची बादली कलंडली आणि सगळं पाणी कमांडरांच्या डोक्यावर आलं. ते हलले नाहीत. टेम्परन्सही हलली नाही.

मग मोठा आवाज झाला. तिन्ही दोर शाबूत होते. उखडला होता तो टगचाच हूक, डेकच्या तुकड्यासकट. सुटलेली टग तशीच पुढे धावली आणि समोरच्या चिखलात जाऊन रुतली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कप्तान हेसलवुड बाहेर आला आणि टगच्या टपावर बसून पाइप ओढायला लागला.

त्याला आणायला नौदलाची बोट सुटली. ते पाहून लष्कराची सुटली. मग हवाई दलाची. मेजर वल्ह्यांवरच्या शिपायांना ओरडत होते, “हाणा रे! त्या विमानवाल्यांना पाणी दाखवा!” तिन्ही बोटी एकदम पोचल्या आणि कोणाची पहिली यावर भर पाण्यात भांडण जुंपलं. कप्तान वरून म्हणाला, “तुमचं ठरलं की कळवा. भरती सहा तासांनी आहे.” शेवटी तो एक पाय नौदलाच्या आणि एक लष्कराच्या बोटीत ठेवून, हवाई दलाचा टोप डोक्यावर घालून आला.

त्यानं माझ्यासमोर शेरा लिहिला, ‘ओढले. हलले नाही.’ मी खाली सही केली. माझ्या अहवालात जहाज की इमारत या प्रश्नापुढे लिहिलं, ‘नौदलाच्या रिवाजानुसार जहाज. मोजमापानुसार ग्रॅनाइटवर पक्के. तीन दलांच्या संयुक्त दोरानेही जागचे हलले नाही.’ यातला शब्द न् शब्द खरा आहे.

आता लंडनच्या उत्तराची वाट पाहायची. ते काय म्हणतील हे मला खरंच सांगता येत नाही.

आणखी एक. लष्करानं नौदलाला, नौदलानं हवाई दलाला आणि हवाई दलानं लष्कराला दोरावरून टोमणा मारला, असं त्या तिघांना कोणी कळवलं असेल?

तुझी,
लोवेना

*

ओबन, १२ एप्रिल

लाडके लोवेना,

मला काय माहीत? मी आपली म्हातारी बाई, परगावी, मोडक्या मैत्रिणीच्या उशाशी बसलेली. तिघांना पत्रं लिहिली ती तब्येतीची चौकशी करायला. ओघात दोराचा विषय निघाला असेल तर आठवत नाही.

तुझं पत्र मी मॉरॅगला वाचून दाखवलं. बादलीपाशी ती एवढी हसली की डॉक्टरला बोलवावं लागलं. हाड जागेवर आहे. टेबल तिच्या नावानं राखलंस हे ऐकून मात्र तिनं वाटी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, “सूप बरं झालंय आज.”

उत्तर आलं की लगेच कळव. वाईट असलं तरी त्याच दिवशी कळव. या वेळी बरणी लपवायची नाही.

मी रात्री झोपत नाही गं. दिवसा चेष्टा करते, ते सोड.

आणि प्रोबर्टचं नाव या पत्रात कुठेच नाही. कोणाची पहिली बोट, कोणाचा टोप, सगळं लिहिलंस. तो शनिवारी कुठे होता?

जेमायमा आत्या

*

पोर्थगॅरो, २२ एप्रिल

प्रिय आत्या,

उत्तर आजच्या टपालानं आलं. जसंच्या तसं उतरवते.

‘टेम्परन्स हे जहाज सध्याच्या साधनांनी हलवता येत नसल्याचे दिसते. ते हलवण्यासाठी वेगळा निधी लागेल. खर्चकपातीमुळे असा निधी उपलब्ध नाही. सबब, पुढील हुकूम होईपर्यंत जहाजाने आहे तिथेच राहावे.’

मी दोनदा वाचलं. अर्थ एवढाच की काटकसर करायलाही पैसे लागतात, आणि ते काटकसरीत गेले. टेम्परन्स आता ‘न हलणारी जहाजे’ अशा नव्या यादीत आहे. त्या यादीत ती एकटीच आहे. जहाज असल्यामुळे तिला इमारतींच्या यादीत घेत नाहीत, आणि हॉटेलवाला पडद्यांची मापं घेऊन परत गेला. चालत्या जहाजांतून एक नाव कमी झालं म्हणून दर्यासारंग खूश आहेत. तुझं दुकान तुझंच आहे. तू झोप आता.

मी पत्र घेऊन टेकडीवर गेले. कमांडरांनी ते वाचलं, टोपी काढली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मग वळून म्हणाले, “भरती येतेय, मिस ट्रेगीअर.” मी हो म्हटलं.

मेजरांनी थ्रेलफॉलांची टोपी परत दिली. आत कसलंसं पीठ होतं. छत अजून गळतं. दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून तीन नव्या बादल्या आल्या आहेत, प्रत्येक दलाला एक. त्यांच्या रंगावरून पत्रव्यवहार सुरू झाला आहे. कोणाचा दोर सगळ्यात पक्का तो प्रश्न सुटलेला नाही. तिघांनीही आपापला तुकडा तुझ्या दुकानात टांगायला आणून दिलाय. कुठला कुठे टांगायचा ते तू येऊन ठरव. मी त्यात पडणार नाही.

त्या शनिवारी प्रोबर्ट तुझ्या दुकानाच्या स्वयंपाकघरात कप विसळत होता. तू विचारलंस म्हणून सांगते. साठ कप. एकही फुटला नाही.

माझं इथलं काम संपलं. गुरुवारी मी जाणार होते. आता पुढच्या आठवड्यात जाईन, तू आल्यावर. केशर संपलंय, येताना आण.

आज टेम्परन्समधून निघाले तेव्हा बारा वाजून गेले होते. फाटक उघडं होतं. रस्ता कोरडा होता. आतल्या बाजूला ओळ लागलेली होती आणि ओळीच्या शेवटी प्रोबर्ट उभा होता. तो म्हणाला, “आज समुद्र शांत आहे. पोहत गेलात तरी चालेल.”

मी त्याच्यामागे उभी राहिले. बोट वेळेवर आली.

तुझी,
लोवेना